सातचे चार कोपरे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळे चष्मेकाका म्हणतात. काच घासता घासता जगातल्या यच्चयावत विषयांवर त्यांची टकळी चालू असायची. घरीही तेच. काकू पडदे, अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांच्या वाट्याला फक्त हुंकार यायचा. "लग्नात बोलण्याची वाटणी झाली आणि सगळा हिस्सा ह्यांनी घेतला," असं त्या हसून म्हणत, तेही क्वचित.

काका गप्प बसत ते सुडोकू सोडवताना. वर्तमानपत्रातलं रोजचं कोडं चहा निवायच्या आत संपायचं. रविवारचं अवघड मात्र ते पुरवून पुरवून सोडवत. प्रत्येक रिकाम्या घरात कुठकुठले आकडे बसू शकतील ते मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचे आणि एकेक खोडत जायचं. अंदाजाने आकडा टाकणाऱ्याचा त्यांना मनस्वी राग. "अंदाजपंचे केलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शेवटी सगळं उसवावं लागतं," ते म्हणायचे.

एका सकाळी दुकान उघडताना किल्ली हातातून पडली. ती उचलायला वाकलेले काका उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, पाय हळूहळू सावरला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. उरला एकच शब्द, "नाही." चहा हवा का विचारलं की नाही म्हणायचे आणि समोर आलेला चहा पिऊन टाकायचे. दुखतंय का? नाही. उशी सरळ करू? नाही, नाही.

"आई, त्याला काही अर्थ नाही गं," मुलगी म्हणाली. ती परगावी नोकरीला होती, रजा काढून आली होती. "डॉक्टर म्हणाले ना, त्यांच्या तोंडाला तेवढा एकच शब्द सापडतो."

"मग त्यांना काय हवंय ते मी ओळखू कसं?"

रजा संपली आणि ती गेली. घर इतकं शांत झालं की काकूंना आपल्याच मशीनचा आवाज खुपायला लागला.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी विचारलं, "यांना आवड कशाची होती?"

"बोलण्याची," काकू म्हणाल्या. "आणि सुडोकूची."

स्वतः काकूंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी नियम सांगितला. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकोनात एक ते नऊ आकडे एकेकदाच यायला हवेत. काकूंनी कपडा बेतायच्या खाकी कागदावर कोडं मोठं करून काढलं आणि काकांना शेजारी बसवलं.

"इथे पाच?"

"नाही."

"आठ?"

"नाही."

"मग दोन?"

"नाही," काका म्हणाले, पण डाव्या हाताचं बोट त्या घरावर दाबलेलं राहिलं. काकूंनी दोन लिहून पाहिला. बरोबर बसला. पुढच्या घरातही तसंच झालं. तोंड काहीही म्हणो, बोट दाबलं की हो. संध्याकाळी काकूंनी विचारलं, "चहा ठेवू?" आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघितलं. बोट टेबलावर टेकलं. काकूंनी गॅसवर आधण ठेवलं आणि तिथेच उभ्या राहून त्या थोडं रडल्या.

सोपी कोडी हातची झाली, तशी त्यांनी अवघड घेतलं. त्यात दोघंही अडकली. काकूंचा धीर सुटला. "असू दे, इथे सातच असेल," म्हणत त्यांनी आकडा टाकला. काकांनी कागद झटक्याने ढकलला. पेन्सिल खाली घरंगळली. "नाही, नाही, नाही," म्हणत ते लहान मुलासारखे रडू लागले.

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चुकलंच माझं. अंदाजपंचे केलं. उसवते मी."

त्यांनी सात खोडला. जरा शांत झाल्यावर काकांनी कागद आपणहून ओढला. वरच्या एका ओळीतल्या दोन घरांवर बोट टेकवलं, मग खालच्या एका ओळीत नेमक्या त्यांच्याच खालच्या दोन घरांवर. असे चार कोपरे झाले. पुन्हा पुन्हा तेच. काकूंना काही उमगेना. त्यांनी त्या चार घरांवर चार बटणं ठेवली आणि जाता-येता बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलर शिवता शिवता त्यांचा पाय मशीनवर थांबला. त्या उठून टेबलापाशी आल्या.

"अहो, बघा हं. वरच्या ओळीत सातला दोनच जागा आहेत. खालच्या ओळीतही दोनच, त्यांच्याच बरोबर खाली. वर सात डावीकडे बसला तर खाली त्याला उजवीकडे जावं लागेल. वर उजवीकडे बसला तर खाली डावीकडे. कसंही झालं तरी या दोन्ही उभ्या ओळींचे सात या कोपऱ्यांतच येणार. म्हणजे त्या ओळींतल्या बाकी घरांतून सात काढून टाकायचा. कुठला कोपरा खरा ते आत्ताच कळायला नको. कुठे नाही ते कळलं तरी पुरे. असंच ना?"

बोट दाबलं गेलं, जोरात.

काकू खोडत सुटल्या. एका घरात एकच आकडा उरला, त्याच्यामुळे दुसरं घर सुटलं, तिसरं सुटलं. तोंडही सुटलं होतं. गिऱ्हाइकाने कॉलरचं माप कसं चुकवून दिलंय, शेजारणीच्या सुनेने काय ठसक्यात उत्तर दिलं, सगळं सांगत होत्या. मग लक्षात आलं, काका कोड्याकडे बघतच नव्हते. काकूंकडे बघत होते.

"काय बघताय?"

"नाही," काका म्हणाले आणि हसले.

पुढे त्यांचे शब्द थोडे थोडे परत आले, मोजके आणि अडखळत. काचा आता जुना कारागीर बसवतो. काका सकाळी दुकानात येऊन बसतात आणि शेजारी स्टुलावर काकू हातशिलाई घेऊन बसतात. परवा मी चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला गेलो, तर काकू काउंटरवरचं कोडं मला समजावू लागल्या.

"एकाच ओळीतल्या दोन घरांत तेच दोन आकडे उरले ना, की ते त्या दोघांचेच. बाकीच्यांनी तिथे डोळा ठेवायचा नाही. नवरा-बायकोसारखं. आणि तीन घरं असली तर..."

"सा... सावकाश," काका म्हणाले.

"ऐकलंत? मला सावकाश म्हणतात," काकू म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी पेन्सिलीला टोक करू लागल्या.