आंबेमोहोराची मोची

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत उकडीचे मोदक करावेत ते शुभाकाकूंनीच, असं शुभाकाकूंचं ठाम मत होतं. मंडळाच्या गणपतीत दुसऱ्या कुणी मोदक आणलेच, तर त्या एक उचलून उजेडात धरत, कळ्या न्याहाळत आणि तसाच खाली ठेवत. तेवढ्यावर कित्येक नवख्या सुनांनी मोदकांचा नाद सोडला होता.

२००५ साली त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, ओजसनं, एमी नावाच्या जपानी घरातल्या मुलीशी लग्न ठरवलं. काकूंनी वरवर हसून होकार दिला आणि आतून धसका घेतला. पोरगा आता तिकडचाच होऊन जाणार, या भीतीनं त्यांना अन्न गोड लागेना. त्यावर उपाय काढला तोही स्वभावाला शोभेलसाच. एमीची आई आणि आजी पहिल्यांदा चहाला येतील, तेव्हा त्यांचीच मोची त्यांना करून घालायची आणि गार करायचं.

मोची म्हणजे तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा, आत लाल कडधान्याचं गोड पुरण. "म्हणजे कळ्या न पाडलेला मोदकच की," काकूंनी निकाल दिला. एमीनं फोन केला, की मी सकाळीच येते, मिळून करू, आमच्याकडे सगळे मिळूनच करतात. काकूंना त्यात परीक्षेचा वास आला. माझ्या ओट्यापाशी दोन हात पुरतात, असं त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं. जपानी दुकानातली बाई म्हणाली, याला चिकट तांदळाची वेगळी पिठी लागते. पुण्याहून आणलेल्या आंबेमोहोराच्या पिठीचा जाहीर अपमान झाल्यासारखं तोंड करून काकू परतल्या. उकड काढली, तुपाच्या हातानं मळली. गोळे देखणे झाले. मग ते फ्रिजमध्ये ठेवले.

फ्रिजमध्ये उकडीचं काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण मोची गारच खातात, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं, आणि विचारायचं कुणाला?

पहिल्याच घासाला आजीबाईंची कवळी हलली. एमीच्या आईनं आपला गोळा हळूच चहात बुडवून पाहिला. काकूंचे यजमान बाळकाका पूल बांधण्याच्या कामातून रिटायर झालेले, ते गोळा अंगठ्यानं दाबून पाहत कौतुकानं म्हणाले, "लोड मस्त घेतोय." पाहुण्या इतक्या सभ्य, की उरलेले गोळे त्यांनी रुमालात बांधून घरी नेले.

नव्या वर्षाला एमीच्या आईकडे मोची करायचा बेत होता. आम्ही सकाळीच मदतीला येतो, असं काकूंनी आपणहून कळवलं. ओजस म्हणाला, गर्दी असते गं, तुम्ही जेवायलाच या.

त्या पोचल्या, तर ओजस कोपरापर्यंत पीठ माखून टेबलापाशी उभा. घरी काकूंनी त्याला कधी ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. इथं आजीबाई त्याच्या हातावर चापट मारून गोळा मिटायला शिकवत होत्या आणि तो लहान मुलासारखा हसत होता. काकूंनी गुपचूप बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकल्या, सिंकवर हात धुतले आणि टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

एमीनं लगबगीनं खुर्ची ओढली. "काकू, प्लीज बसा ना. यू आर अवर गेस्ट."

काकू ओल्या हातांनी बसल्या.