चित्राची पन्नास फुटी नळी

चित्रा कुलथेनं गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: शेजारच्या गॉर्डननं तिच्या हातच्या बिअरचा एक घोट घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि उरलेला पेला कुंपणालगतच्या झाडांना घातला. तेही कसं, तर अर्घ्य द्यावं तसं, सावकाश.

कॅनडातल्या मिल्टन गावी त्यांच्या गल्लीत दर उन्हाळ्यात एकदा सगळी घरं गॉर्डनच्या बॅकयार्डमध्ये जमायची. प्रत्येकानं काहीतरी घरचं आणायचं. चित्रा बिअर न्यायची. आठवडाभर गो ट्रेननं टोरांटोला जाऊन एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि वीकेंडला बेसमेंटमध्ये बिअर करायची, हा तिचा तीन वर्षांचा शिरस्ता. मनमाडची मुलगी बिअर करते हे पुण्याच्या नणंदेला अजून पचलं नव्हतं. पण चित्राचं म्हणणं सरळ होतं. दूध विरजताना, इडलीचं पीठ आंबवताना कुणाचा धर्म बुडत नाही, मग बार्लीनंच काय घोडं मारलंय?

झाडांना घातलेली बिअर तिनं गिळलीही असती. घरी येताना केया जे बोलली ते मात्र तिला गिळवेना. केया तिची मुलगी, वीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत. ती म्हणाली, "मॉम, नेक्स्ट इयर लेट्स जस्ट बाय अ केस ऑफ बिअर, ओके? दे आर जस्ट बीइंग नाइस टू यू."

म्हणजे लोक दया करून पितात! चित्राला एक वेळ शिवी चालली असती. आपल्या हातचं कुणी उपकार म्हणून तोंडाला लावावं, ही गोष्ट तिला फार लागली. चार दिवस ती धड जेवली नाही. पाचव्या दिवशी तिनं ठरवलं की पुढच्या वर्षी याच लोकांनी ही बिअर मागून प्यायली पाहिजे. नवरा नंदू म्हणाला, "अगं, जाऊ दे ना, छंदच तर आहे." ती तडक गॉर्डनच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी पाहिलं तुला," ती इंग्रजीत म्हणाली. "आता खरं सांग, काय चुकतंय?"

गॉर्डन रिटायर्ड माणूस, वीस-पंचवीस वर्षं घरी बिअर करणारा. आधी तो कानापर्यंत लाल झाला, पण मग खरं बोलला. "उकडलेल्या कणसाचा वास येतो, चित्रा. तू उकळलेला काढा गार कसा करतेस?"

"ठेवून देते झाकून. होतो आपोआप सकाळपर्यंत."

गॉर्डननं कपाळाला हात लावला. बार्लीचा काढा उकळून झाला की तो झटपट गार झाला पाहिजे, नाहीतर तो कणसाचा वास आतच बसतो. त्याचा उपाय म्हणजे इमर्शन चिलर. तांब्याच्या नळीचं वेटोळं उकळत्या पातेल्यात बुडवायचं आणि नळीतून थंड पाणी सोडायचं. पाणी आतली उष्णता घेऊन दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं.

"आणि ते बाहेर पडलेलं पाणी?" चित्रानं विचारलं.

"सिंकमध्ये," गॉर्डन म्हणाला, जणू पाण्याला दुसरी जागाच नसते.

इथं चित्राचा पाय अडला. ज्या गावात नळाला पाणी यायचं तो दिवस सणासारखा असायचा, त्या गावात ती वाढली होती. तांदूळ धुतलेलं पाणी ती अजून कुंडीला घालायची. नंदू दात घासताना नळ चालू ठेवायचा, त्यावरून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात भांडण झालं होतं. आणि हा गृहस्थ सांगत होता की नळ सोडून उभी राहा!

तरी ती बिअरच्या सामानाच्या दुकानात गेली. तिथं चिलर टांगलेले होते, स्टीलचे, तांब्याचे, पंचवीस फुटी, पन्नास फुटी. दुकानदारीण बाई तांबं उष्णता चांगली ओढतं वगैरे सांगत होत्या. चित्रानं एकच प्रश्न विचारला, "यातल्या कुठल्याला पाणी कमी लागतं?" बाईंना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्या म्हणाल्या, "नळ तुमच्या हातात आहे." चित्रानं मनाशी हिशेब केला की लहान नळीत पाणी कमी मावतं, म्हणजे लागेलही कमी. पंचवीस फुटी वेटोळं घेऊन ती विजयी मुद्रेनं घरी आली.

नवीन बॅच वाया घालवायची तिची तयारी नव्हती, म्हणून आधी नुसतं पाणी उकळून बघितलं. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या थंड पाण्याच्या नळाला चिलरची नळी बरोबर बसली. तिनं नळ सोडला आणि लगेच अर्ध्यावर आणला. थोड्या वेळानं आणखी कमी केला. बादल्या भरत गेल्या, मग टब भरला, मग घरातली पातेली भरली, आणि मोठ्या भांड्यातलं पाणी अजून चटका देतच होतं.

चित्रा जमिनीवर बसून राहिली. मग उठली आणि गॉर्डनची पन्नास फुटी नळी मागून आणली. तेवढंच पाणी पुन्हा उकळलं. या वेळी बाहेर पडणारं पाणी वाफाळत होतं. लांब नळीतून जाताना प्रत्येक थेंब पोटभर उष्णता घेऊन निघत होता, आणि पहिल्या खेपेपेक्षा निम्म्याच बादल्यांत काम झालं. पाणी वाचवायला निघालेल्या बाईनं नेमकी पाणी खाणारी नळी आणली होती!

"अती तिथं माती," नंदू म्हणाला.

"माती मीच खाल्ली, मीच निस्तरते," ती म्हणाली, आणि लहान नळी परत करून मोठी घेऊन आली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये बॅच लागली. काढा उकळला, वेटोळं आत बुडलं, नळ पूर्ण सोडला. चित्रा एका हातानं वेटोळं काढ्यात हलवत होती, कारण हलवलं की लवकर निवतं. आणि तिचा दुसरा हात नळाकडे गेला. तिनं तो मागे घेतला. तो पुन्हा गेला. लहानपणी टँकरवरून येताना कळशी हिंदकळली म्हणून आईनं भर रस्त्यात मारलेली चापट तिला आठवली. पाणी वाहतंय आणि आपण बघतोय, हे सहन न होऊन तिनं हाक मारली.

"नंदू, इकडे ये. या नळापाशी उभा राहा. मी कितीही सांगितलं तरी बंद करू द्यायचा नाही मला."

"तू रागावशील."

"रागावू दे. तू हलायचं नाहीस."

नंदू नळाला पाठ लावून उभा राहिला. ती दोनदा त्याच्यावर खेकसली, एकदा त्याला चक्क ढकललं, पण तो बिचारा हलला नाही. बाहेर पडणारं पाणी आधी वॉशिंग मशीनमध्ये गेलं आणि तिथं आठवड्याच्या चादरी भिजल्या. उरलेलं बादल्यांतून वर गेलं, निवल्यावर टोमॅटोच्या वाफ्यांना मिळालं. सिंकमध्ये तिनं एक थेंब जाऊ दिला नाही. आणि काढा, जो रात्रभर रेंगाळायचा, तो चित्राचा खांदा भरून येईस्तोवर हाताला गार लागायला लागला. तिनं यीस्ट सोडलं, झाकण लावलं, आणि नंदूला म्हणाली, "आता हल."

ऑगस्टमध्ये गॉर्डनच्या बॅकयार्डात चित्रानं आपलं पिंप टेबलावर ठेवलं आणि ती मुद्दाम लांब, सॅलडच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. चाखायचा तिला धीर झाला नव्हता. गॉर्डननं पेला भरला, वास घेतला, घोट घेतला. जागेवरच उभा राहून त्यानं पेला संपवला आणि दुसरा भरला. मग पलीकडच्या घरातला राजन आला, मग त्याची बायको, मग चित्राला नावानंही ठाऊक नसलेली माणसं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दया काय, दोन पेलेही पिते.

कोपऱ्यावरच्या घरात नुकताच राहायला आलेला एक जण पेला उंचावून म्हणाला, "दिस इज रिअली गुड. कुठल्या ब्रूअरीची?"

पिंपाशी केया होती. "नो ब्रूअरी," ती म्हणाली. "माय मॉम मेड इट. अँड यू ऑलरेडी हॅड टू ग्लासेस, सो दॅट्स इनफ. आय वाँट सम टू."

चित्रानं सॅलडचा चमचा खाली ठेवला. आत वॉशरूममध्ये गेली, दार लावलं आणि मनसोक्त रडली. तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा पिंप रिकामं झालं होतं आणि तिच्या वाट्याला घोटभरही उरली नव्हती.