एक इंच मार्जिन

मास्तरांना पहिल्यांदा भेटलेला माणूस घरी गेला की आधी आरशासमोर उभा राहतो. मास्तर पडले शिंपी. समोरच्याला नमस्कार करण्याआधी ते नजरेनं त्याचं माप घेतात. नजर बुटांपासून निघते, गुडघ्यांशी घुटमळते, पोटाशी आली की सहानुभूतीनं थबकते, आणि खांद्यापर्यंत पोचेतो तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, ही तुमच्या सख्ख्या आईला न कळलेली गोष्ट मास्तरांना कळलेली असते. एका धडधाकट बँक मॅनेजरनं म्हणे पहिल्याच भेटीत घाबरून विचारलं होतं, "मास्तर, खरं सांगा, किती दिवस आहेत माझे?" होणाऱ्या सासऱ्यांशी पहिली गाठ पडली तेव्हाही मास्तरांनी तब्येत विचारली नाही. "हा कोट शिवल्यानंतर कमरेत बरेच वाढलात," एवढंच म्हणाले. लग्न झालं ते केवळ बायकोच्या हट्टापायी, आणि त्या हट्टाची आठवण ती आजही दिवसातून एकदा करून देते.

मास्तरांचं सगळं शहाणपण एका शब्दात मावतं: मार्जिन. शिवणीत जादा कापड सोडायचं. ढगळ झालं तर आत घेता येतं, तंग झालं तर कात्री बाजूला ठेवून डोकं धरायचं. इथवर ठीक. पण मास्तरांनी हे मार्जिन दुकानातून घरी आणलं. लेकीचे शाळेतले बूट इतके मोठे असत की ती निघाल्यावर बूट मागाहून निघायचे. एकदा कपाट आणलं, तेही मार्जिन ठेवून. ते आठवडाभर जिन्यातच राहिलं आणि शेजारी त्याला वळसा घालून ये-जा करत राहिले.

ही लेक आता नर्स झाली होती. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करायची नोकरी तिला एका संस्थेत मिळाली होती. अट एकच, स्वतःची चालती गाडी हवी. तिनं एक जुनी छोटी गाडी घेतली, आणि रुजू व्हायला दोन दिवस उरले असताना ती खड्ड्यात आपटली. पुढच्या एका अलॉय चाकाला बारीक तडा गेला. टायरमध्ये हवा भरावी आणि चहा पिऊन यावं, तर टायर बसलेलं. सोमवारी पहिल्या फेरीला मुख्य नर्सबाई तिच्या शेजारी बसून येणार होत्या. गाडी रस्त्यात बसली की नोकरीही बसली.

शनिवारी बापलेक टायरवाल्याकडे गेले.

"तुमच्या मापाचं जुनं अलॉय नाही माझ्याकडे," टायरवाला म्हणाला. "मूळ मापाची साधी लोखंडी चाकं आहेत. लगेच बसवतो."

"लोखंडी?" मास्तरांनी असा चेहरा केला की जणू कोणी सुटाला गोणपाटाचं अस्तर सुचवलं. त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे टायरसकट चार चकचकीत अलॉय चाकं टांगलेली होती. "आणि ती?"

"ती एक इंचानं मोठी आहेत मास्तर. रुंदही आहेत. वळताना आत घासतील."

"एकच इंच ना? मग मार्जिन झालं."

"बाबा, ते नको म्हणतायत," लेक म्हणाली.

"अगं, हा धंदेवाला माणूस. आपली जबाबदारी नको म्हणून बोलतोय. मापातलं तू मला सांगणार?"

लेकीनं टायरवाल्याकडे पाहिलं, टायरवाल्यानं छताकडे. चारही चाकं चढली. गाडी जॅकवर असतानाच मास्तरांनी चाक हातानं गरगर फिरवलं. कुठेही अडलं नाही. "बघा!" ते म्हणाले. टायरवाला काहीतरी पुटपुटला. ते त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी तिघं टेकडीच्या रस्त्यानं निघाली. सोमवारची फेरी तिकडचीच होती, म्हणून लेकीला एकदा रस्ता बघायचा होता. मास्तर पुढे बसले, मागे बायको आणि रुग्णांसाठीच्या सामानाची भली जड पेटी.

टेकडीच्या पहिल्याच तीव्र वळणावर मास्तरांना आवाज आला. खर्रर्र.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आयुष्यभर त्यांनी एवढ्या एकाच आवाजाची धास्ती घेतली होती, नको तिथे कापड फाटण्याच्या.

"बाबा, काही घासतंय का?"

बोलावं? इतक्या लवकर? मागे बायको बसलेली. ती या चाकांवरून टोमणे मारत पुढची दहा वर्षं काढेल.

"नवं आहे ना," मास्तर म्हणाले. "जरा कडक असतं. वापरलं की मऊ पडेल."

"चाक मऊ पडेल?" मागून आवाज आला. "धुऊन वाळत घालायचं का?"

पुढच्या वळणावर पुन्हा खर्रर्र. आता जळक्या रबराचा वास. मास्तरांनी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिले. प्रत्येक वळणाआधी ते मनातल्या मनात म्हणत, आता सांगतो. वळण संपलं की म्हणत, झालं की पार. शेजारी लेक स्टिअरिंग घट्ट धरून ओठ चावत होती. ती गप्प होती, कारण बाबा मापात चुकत नाहीत यावर तिचा अजून विश्वास होता. त्या विश्वासाकडे बघवेना.

मग उतार लागला. खाली डावीकडे वळण, उजवीकडे कमरेएवढा कठडा, कठड्यापलीकडे नुसती हवा. आणि समोरून ट्रक वर येत होता.

लेकीनं स्टिअरिंग डावीकडे वळवलं. अर्ध्यात ते अडलं.

"बाबा, वळत नाहीये!"

"थांब!" मास्तर ओरडले. "ब्रेक दाब! चाक अडकलंय, मोठं आहे ते, माझं चुकलं, थांब!"

गाडी किंचाळत सरकली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. ट्रक लांबलचक भोंगा वाजवत डाव्या अंगानं निघून गेला. पेटीतली बाटली तेवढी गडगडत होती.

मास्तर उतरले, गुडघ्यांवर बसले आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. रबर सोलवटून निघालं होतं आणि आतून बारीक दोरे बाहेर आले होते. टायरच्या पोटात दोऱ्यांचं कापड असतं, हे त्यांना आज कळलं.

"तुम्हाला आवाज येत होता ना?" लेकीनं खिडकीतून विचारलं. तिचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या वळणापासून."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं समोर पाहिलं.

बायको उतरून शेजारी येऊन उभी राहिली. "गिऱ्हाइकाला पँट घालून उभं केलंत की सोडत नाही तुम्ही. बसून दाखवा म्हणता. आणि गाडी तशीच जॅकवर उभी बघून घेतलीत?"

एरवी अशा वेळी बायको आणखी बोलली असती. आज तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि डिकीतून मूळ मापाची स्टेपनी काढायला लावली.

फाटलेल्या टायरच्या जागी स्टेपनी चढली, पण दुसऱ्या बाजूचं मोठं चाक तसंच होतं. वजन कमी झालं की घासायचं कमी होईल, म्हणून प्रत्येक वळणाला नवराबायको पेटी घेऊन उतरायची. लेक गाडी मुंगीच्या पावलांनी वळवायची आणि पुढे थांबायची. पेटी दोघांमध्ये धरून मास्तर चालत होते. वाटेत भेटलेल्या एकाही माणसाचं माप त्यांनी घेतलं नाही.

रविवार म्हणून दुकान बंद होतं, पण टायरवाला दुकानाच्या वरच राहत होता. तो बनियनवर खाली आला आणि त्यानं आधी टायर पाहिलं, मग लेकीचा चेहरा. ओठांवर आलेली कोटी त्यानं गिळली.

"लोखंडी देऊ?"

"तिला विचारा," मास्तर म्हणाले. "गाडी तिची आहे."

"लोखंडी," लेक म्हणाली. "गाडीच्या मापाची. आणि आम्हा सगळ्यांना आत बसवून, पूर्ण वळवून दाखवा."

टायरवाल्यानं चारही चाकं बदलली. पेटीसकट सगळी आत बसली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. मास्तर कान देऊन बसले होते. काहीच ऐकू आलं नाही.

सोमवारी लेक वेळेवर कामावर पोचली. मुख्य नर्सबाईंनी चाकांकडे पाहिलंही नाही. काही आठवड्यांनी संस्थेनं सगळ्या नर्सना संस्थेच्याच गाड्या दिल्या, आणि लेकीनं ही गाडी विकून टाकली.