रेटा आणि ओढ

ताईच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकातून मेंदूची एक पेशी पाहिली. पेशीतून निघालेला बारीक धागा ताई काचेच्या सुईने ओढत होती, इतका हळू की मला काहीच हललेलं दिसेना.

"हळू ओढलं की वाढतो. हिसकलं की तुटतो," ती म्हणाली.

"पेशीला कळतं हे?"

"ओढ कळते, दाब कळतो. तुला मात्र एकच शब्द येतो, रेटा!"

खरंच, चळवळीसाठी मी लिहितो त्या पत्रकांत रेटा दर दोन ओळींना येतो. ओढ कधीच नाही.

मला त्या पेशीचा हेवा वाटला. ताई तिच्यावरून तासभर नजर हलवत नाही. ताईचा हेवा तर त्याहून जास्त. आमचे वडील, आबा, तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारतात. त्यांच्या जातमेळाव्याविरुद्धचं पत्रक मी त्यांच्या ताटासमोर आपटलं, तेव्हापासून माझ्याशी मात्र अक्षरही बोललेले नाहीत. पत्रकातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण मी ते आपटलं होतं, हेही खरं.

घरी आबा पेपर वाचत होते. मी हळूच शेजारी बसलो. त्यांनी दोन पानं उलटली.

"सरक जरा," आबा म्हणाले, "उजेड अडतोय."

मी सरकलो. बोटभरच.