शार्कचे तेल

बाळापूरजवळच्या आमच्या गावात समुद्र कोणी पाहिला नव्हता. शार्क मासा आमच्या घरी आला तो बाटलीतून, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होतो. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्या घराण्यातला पहिलाच. धाकट्या बहिणीला गोवर येऊन गेला होता, पण खोकला जाईना आणि अंग धरेना. वसतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांना मी तिची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "विलायती माशाचे तेल लढाईमुळे येत नाही. आता आपल्याच समुद्रातल्या शार्कच्या यकृताचे निघते, ते पाज." बाटली त्यांनी पदरची दिली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

घरी जाऊन मी आईला सारे सांगितले. सकाळ-संध्याकाळ एक चमचा. तिने बाटली कोनाड्यात ठेवली. आमचे घर माळकरी. बहिणीच्या गळ्यातही तुळशीची माळ होती.

दिवाळीला आलो तर अंगणातच वास आला. बहीण उन्हात बाजेवर बसली होती, हातपाय तेलाने चकचकीत. कुंपणापलीकडे तिच्या मैत्रिणी नाक दाबून हसत होत्या, "मासोळी वाळू घातली वं!"

"माय, तू हे तेल अंगाले लावून राहिली काय?"

"मंग? गळ्यात माळ हाये तिच्या. अन् तेल मुरते अंगात. तुले लहानाचा मोठा केला तो तेल चोळूनच ना?"

आमच्याकडे बाळंतिणीच्या कमरेपासून बैलाच्या खांद्यापर्यंत सारे तेल चोळूनच बरे करत. आईने थेंबही वाया जाऊ दिला नव्हता.

बहिणीने विचारले, "दादा, तो मासा केवढा असते?"

"बैलगाडीएवढा."

"माणसाले खाते?"

"खाते म्हणतात."

"त्याच्या गळ्यात माळ नसन मंग!" ती हसली आणि हसता हसता खोकत सुटली. खोकला थांबेना.

आई उठली. हात धुऊन तिने स्वतःच पोरीच्या गळ्यातली माळ काढली, देव्हाऱ्यात ठेवली आणि बाटलीच्या तळाशी उरलेले तेल गुळाच्या खड्याबरोबर तिला पाजले. डॉक्टरांनी आणखी एक बाटली दिली. बहीण डोळे मिटून, तक्रार न करता पीत राहिली.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

तेरवी झाल्यावर मी अमरावतीला निघालो, तेव्हा आई गाडीरस्त्यापर्यंत आली.

"तू शिकलेला हाये, बापा. खरं सांग. पयलेपासून पाजलं असतं त वाचली असती काय?"

बातमी कळून घरी निघताना हेच मी डॉक्टरांनाही विचारले होते. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. मला आईच्या डोळ्यांकडे पाहवेना.

"नाही माय. नसती वाचली."

कडेच्या पऱ्हाटीवर राहिलेला कापूस तिने खुडून मुठीत घेतला.

"मंग माळ त राहू द्याची होती तिच्या गळ्यात," ती म्हणाली.