काचेचा कोपरा

जाफराबादच्या स्टँडसमोरच्या लॅबमध्ये एक काका बसतात. जखमेतला पू सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर घेतला, की ते काडीने स्वतःचे दात कोरतात आणि तो मळ त्याच काचेच्या कोपऱ्यात लावतात. बघणारे तोंड वाकडं करतात.

"माझ्या तोंडात दोन्ही जातीचे जंतू हायेत," ते सांगतात. "जाड भिंतीचे जांभळा रंग धरून ठिवतेत. पातळ भिंतीचे स्पिरिटनं धुतले की रंग सोडतेत, मंग वरून दिलेला गुलाबी रंग घेतेत."

जात शब्दाला मी एरवी भडकतो. इथं हसलो.

परवा आईच्या सुजलेल्या पायातला पू मी त्यांच्याकडे नेला. ताप उतरत नव्हता. जंतू कोणते ते कळल्यावर डॉक्टर इंजेक्शन ठरवणार होते. "जल्दी करा, काका," असा मी धोशाच लावला. त्यांनी 'गुलाबी' असा रिपोर्ट दिला. मी पायरी उतरलो, तोच हाक आली.

"ओ, थांबा! माझ्या दातातले बी समदेच गुलाबी दिसून राह्यले. स्पिरिट जास्त झालं. चुकलो मी."

बाकावरची म्हातारी म्हणाली, "इतकी वर्षं झाली, अजून धुणं येईना व्हय?"

"कधी कधी न्हाई येत, मावशी," म्हणत त्यांनी रिपोर्ट फाडला.

खरेपणावर भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. दुसऱ्याला तपासताना त्याच काचेवर स्वतःला ठेवणारा माणूस हा एकच पाहिला.

त्यांनी नवी काच घेतली आणि पुन्हा दात कोरले. या खेपेला कोपऱ्यात दोन्ही रंग आले. आईच्या पायातले जंतू जांभळे निघाले.