सरलाबाई अण्णांना आणायला जातात

सरलाबाई सातवीला इंग्रजी शिकवत, पण त्यांचं अर्धं लक्ष कायम खिडकीबाहेर. भिवंडीत शाळेशेजारी कापडाचे लूम असायचेच. त्या खटखटीत बाई शिकवता शिकवता कुठेतरी तरंगत जात, आणि मुलं बिचारी त्या परत येईपर्यंत थांबत. एका धड्याला मात्र त्या लख्ख जाग्या असत: मन वळवणारी भाषा.

बाई इंग्रजी जाहिरात मोठ्याने वाचत. लिहिणारा आपल्याला गुंडाळतोय असं वाटलं की मुलांनी बाकावर टकटक करायची. ‘सगळे आले, तुम्हीच राहिलात’ अशी गर्दी दाखवली की टक. ‘उशीर केलात तर पस्तावाल’ अशी भीती घातली की टक. ‘घरच्यांसाठी एवढंही नाही करणार?’ असा, उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न आला की सगळा वर्ग बाक बडवून काढी.

“बाई, आमच्या वडपे गावात जमीन मागायला गोडाऊनवाला येतो ना, तो पन अस्संच बोलतो,” भाविका एकदा म्हणाली. “आमची आजी टकटक न्हाय करत. चाय पाजते नि घालवून देते.”

बाई पोट धरून हसल्या होत्या.

पौषातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी गणेशपुरीची एसटी पकडली. तिथे त्यांचे वडील, अण्णा, एकटे राहत. त्यांना भिवंडीला कायमचं घेऊन यायचं, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. आधीच्या सगळ्या खेपा फुकट गेल्या होत्या. आज अण्णा नाही म्हणाले, तर पुन्हा विचारायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

गोदामांची छपरं मागे पडली, भाताची कापलेली शेतं लागली, आणि बाईंचे डोळे मिटले. त्यांना आपली गॅलरी दिसू लागली. तिथे अण्णा पेपर वाचताहेत, टेबलावर चहाचे दोन कप आहेत, दोन्ही गरम. कंडक्टरने हाक मारली तेव्हा त्यांना उतरावंसंच वाटेना.

अण्णा नदीकाठच्या गरम झऱ्याच्या लहान कुंडाच्या पायरीवर, ऊन पाण्यात पाय सोडून बसले होते. गावातली चारदोन म्हातारी माणसं रोज संध्याकाळी अशी बसत. एखादा आला नाही, की बाकीचे उठून थेट त्याच्या दारात. आत्ता सगळी वाफेत धूसर झाली होती, कोण कुठला ते कळत नव्हतं. बाईंनी चपला काढल्या आणि अण्णांशेजारी पाय सोडले.

“अण्णा, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे आईवडील येऊन राहिलेत. तुम्हीच तेवढे राहिलात.”

बाईंच्या बोटाने दगडावर टक केलं.

“इथे पाय घसरला तर कोण बघणार?” टक. “मुलीसाठी एवढंही नाही करणार?” टकटक.

“बोटाला काय झालं गं?” अण्णांनी विचारलं.

बाईंना हसू फुटलं, आणि लगेच शरम वाटली. घरून घोकून आणलेलं हे सगळं त्या आपल्या बापालाच ऐकवत होत्या, एखाद्या गोडाऊनवाल्यासारखं. आणि इथे अण्णांना बघायला माणसं होती, हे तर समोरच दिसत होतं. दार ठोठावणारं कोणी नव्हतं ते बाईंच्याच घरी. नवरा गेला, मुलगा आल्हाद नोकरीला बंगळूरला गेला, आणि घर तसंच राहिलं.

“अण्णा, तुमची काळजी वगैरे काही नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ठणठणीत आहात. मलाच घरात शिरवत नाही. कुलूप काढते आणि तशीच दारात उभी राहते.”

पलीकडे वाफेत कोणीतरी खोकलं.

“मी नाही यायचा, सरू,” ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. पाय पाण्यातून काढायला हवेत हे त्यांना कळत होतं, पण काढवेनात.

“तू राहा इथे. शाळेला इथून जात जा.”

बाई सवयीने पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. आता अण्णा स्वतःच्या वयाचं काढतील, लोकांच्या मुलींचं काढतील, काहीतरी कारण पुढे करतील. अण्णांनी फक्त आपला पंचा लेकीच्या गार पडलेल्या हातांवर टाकला. सरलाबाई पोरीसारख्या रडल्या, आणि परतीची एसटी त्यांनी जाऊ दिली.